बाबांना आजार सांगायचा की नाही, हे ठरवण्याआधी

आपण लिहिले आहे की, ७१ वर्षांच्या बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे व तो यकृतात पसरला आहे. पित्तनलिकेत स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरली, त्यामुळे त्यांना बरे वाटते आहे आणि खड्यांचा त्रास होता, असेच त्यांना सांगितले गेले आहे. येत्या सोमवारी केमोथेरपी सुरू होणार असून तिला ‘ताकदीचे सलाईन’ म्हणायचे आणि संमतीपत्रावर दादांनी सही करायची, असे घरात ठरले आहे. मात्र बाबांनी आपल्याला एकटे गाठून ‘मला नेमके काय झाले आहे?’ असे विचारले आणि आपण विषय बदललात.

मी २२ वर्षे रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले. हा पेच मी अनेक कुटुंबांत पाहिला आहे आणि त्यात दुष्ट माणूस जवळजवळ कधीच नसतो. आईंना भीती आहे की बाबा धीर सोडतील, दादांना भीती आहे की ते उपचार नाकारतील, आणि आपल्याला त्यांच्याशी खोटे बोलवत नाही. तिघांचे प्रश्न वेगवेगळे असल्यामुळे वाद पुढे सरकत नाही. म्हणून माझी विनंती आहे की, आज रात्री तिघांनी कागद घेऊन बसावे. अमेरिकेत १९८२ मध्ये आल्बर्ट जॉन्सन, मार्क सिग्लर आणि विल्यम विन्स्लेड यांनी अशा प्रसंगांसाठी चार चौकटींची पद्धत मांडली: वैद्यकीय वस्तुस्थिती, रुग्णाची इच्छा, जगण्याची गुणवत्ता आणि भोवतालची परिस्थिती. प्रत्येक चौकटीत आधी फक्त माहिती लिहायची, मत नंतर द्यायचे.

पहिली चौकट डॉक्टरांकडून भरून घ्या. या टप्प्यावर केमोने आजार समूळ जात नाही. काही काळ मिळावा आणि त्रास कमी व्हावा, हा तिचा हेतू असतो. बाबांच्या प्रकृतीला ती कितपत झेपेल आणि वेदनाशामक व परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी) आत्तापासूनच सोबत सुरू करता येईल का, हे दोन प्रश्न अवश्य विचारा.

दुसऱ्या चौकटीपाशी थांबा, कारण आपल्या घरात ती रिकामी आहे. बाबा शुद्धीत आहेत, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहतात. अशा प्रौढ माणसाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नसते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले. तेथे ४४ वर्षांची रुग्ण तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते, आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. दादांची सही हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न नाही. पुढे स्वतः सांगता येईनासे झाले तर कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवणारे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मान्य केले आणि २०२३ मध्ये ते सुटसुटीत झाले; तेही, आपला आजार कोणता हे ठाऊक नसलेला माणूस विचारपूर्वक करू शकणार नाही.

याचा अर्थ बाबांवर सर्व काही आदळावे असा मुळीच नाही. जाणून न घेण्याचाही त्यांना अधिकार आहे, पण तो त्यांनी स्वतः वापरायचा आहे. ‘तुम्हीच डॉक्टरांशी बोला, मला तपशील नको,’ असे ते म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय आहे आणि तो पाळलाच पाहिजे. अप्रिय सत्य बोलू नये, हे सुभाषित आपल्याकडे अशा वेळी हमखास ऐकवले जाते. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असे त्याच श्लोकात पुढे म्हटले आहे, याची आठवण दादांना जरूर करून द्या.

एक गृहस्थ मला अजून आठवतात. घरच्यांनी फाईलला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. त्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या मामांना ‘हा विभाग कशाचा?’ असे विचारून घेतले होते. पत्नीला त्रास नको म्हणून ते चार महिने अजाण असल्यासारखे वागले, आणि त्यांना त्रास नको म्हणून पत्नीही. धाकट्या भावाशी तुटलेला संबंध जोडायचा राहिला, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांना बसताही येत नव्हते. तेव्हापासून लपवण्याला मी दया म्हणू शकलेलो नाही.

तिसऱ्या चौकटीत बाबांना कशात जगणे वाटते ते लिहा: सकाळचा फेरफटका, नातवंडे, गावचे घर. चौथीत पैसा, कागदपत्रे, आईंची प्रकृती आणि दादांवरचा भार लिहा. दादा निर्दयी नाहीत. जबाबदारी एकट्याने उचलणारा माणूस ताबा सोडायला घाबरतो, एवढे लक्षात ठेवून त्यांच्याशी बोला.

मग पर्याय लिहा: काहीच न सांगणे, सर्व सांगणे, किंवा किती जाणून घ्यायचे ते बाबांनाच विचारणे. उद्या बाबांना सारे कळले, तर यांपैकी कोणत्या वागण्याचे कारण आपण त्यांच्यासमोर बसून सांगू शकाल, हे प्रत्येक पर्यायापुढे लिहा. माझे मत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण बाबांनी प्रश्न विचारून दार स्वतः उघडले आहे. ‘बाबा, त्या दिवशी मी उत्तर टाळले. तुम्हाला स्वतःला काय वाटते आहे?’ अशी सुरुवात करा आणि मग गप्प राहा. ते विचारतील तेवढेच सांगा. महिन्यांचा हिशेब त्यांनी मागितला नाही, तर देऊ नका. वेदना होऊ देणार नाही आणि एकटे पाडणार नाही, ही दोन आश्वासने मात्र न मागता द्या.

सोमवारच्या आधी डॉक्टरांकडे अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागा. बाबांना कमी ऐकू येते म्हणून दादा त्यांच्या वतीने बोलतात, असे आपण लिहिले आहे. त्या भेटीला त्यांचे श्रवणयंत्र नवा सेल घालून सोबत न्या आणि बाबांची खुर्ची डॉक्टरांच्या समोर ठेवायला सांगा.