सोसायटीत हात वर केला, तोही रेसिझमच का?

प्रश्न : ताई, मुलगा मेलबर्नला शिकतो. मागच्या महिन्यात ट्रेनमध्ये एकाने त्याला "तुझ्या देशात परत जा" म्हणून शिवी घातली, ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की आफ्रिकन स्टुडंट्सना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, कारण आधीच्या एकाने रात्री दंगा केला होता, आणि आम्हीही हात वर केला. मुलगी म्हणते हाही रेसिझमच. मुलगा म्हणतो, रेसिझम म्हणजे पूर्वग्रह अधिक सत्ता, आणि सत्ता गोऱ्यांकडे आहे, आपण फक्त जपून वागतोय. कोणाचं बरोबर? – एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाचीच व्याख्या लावली तरी मुलीचं बरोबर ठरतं. सत्ता काही कातडीला चिकटलेली नसते हो, ती जागेप्रमाणे बदलते. ट्रेनमध्ये तुमचा मुलगा एकटा पडला होता, आणि तुमच्या मीटिंगमध्ये तर ती आफ्रिकन मुलं हजरही नव्हती, त्यांना घर मिळणार की नाही हे तुमच्या हातांनी ठरवलं, मग तिथे सत्ता कोणाकडे होती? संयुक्त राष्ट्रांचा वांशिक भेदभावाविरुद्धचा 1965 चा करार आहे, भारताने 1968 मध्ये तो मान्य केला, त्यात करणारा गोरा असायला हवा असं कुठेही नाही. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यावरून कोणाला बाजूला ठेवलं की तो भेदभाव, आणि नुसता हेतू नाही, परिणामही बघायचा असं त्यात लिहिलंय. म्हणजे "आमच्या मनात तसं काही नव्हतं" म्हणून सुटका नाही.

जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या टेस्टमध्ये आपला बोलर मोहम्मद सिराजने प्रेक्षक वर्णावरून शिव्या देतात अशी तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं, आपण सगळे चिडलो आणि बरोबरच चिडलो. पण ऑक्टोबर 2007 मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय अँड्र्यू सायमंड्सकडे बघून आपल्याच लोकांनी माकडाचे हावभाव केले होते, तेव्हा टीव्हीसमोर बसून आमच्या घरात, आणि मीसुद्धा, म्हणालो की पब्लिक आहे, चिडवणारच. ते वाक्य मला अजून टोचतं. ईशान्येकडच्या मुलींना आपल्याकडे रस्त्यात "चिंकी" म्हणतात तेव्हाही आपण असंच सोडून देतो.

दंग्याचं म्हणाल तर दंग्याचा नियम करा, रात्री दहानंतर आवाज नको, मग भाडेकरू नागपूरचा असो की नायजेरियाचा. विदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाला सरकारकडे कळवावीच लागते, व्हिसा आणि कॉलेजचं पत्र बघून घ्या, काळजी घ्यायला तेवढं पुरतं. एकाने दंगा केला म्हणून पूर्ण खंडाला बंदी कशी घालता? पुढच्या मीटिंगला हा ठराव परत घ्यायला लावा, एकट्या पडलात तरी उभं राहून बोला, आणि तुमचा विरोध मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगा. त्याआधी मुलाला फोन करून तुम्ही हात वर केला होता ते सांगा, आणि मेलबर्नला त्याला स्वतःला खोली कोणी दिली तेही विचारा.