कायद्याचं बोला : गोगलगाय आणि बियाण्याचं पाकीट

प्रश्न : अभ्यासात लॉर्ड मॅकमिलन हे नाव आलं. कोण हे?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : ताई, ग्लासगोत १८७३ साली जन्मलेले, पाद्र्याचे चिरंजीव. वकिली एडिनबरात, १९३० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे, न्यायाधीश. माझ्या लेखी मात्र ते १९३२च्या ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या निकालाने मोठे. जिंजर बिअरच्या गडद बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, असा एका कष्टकरी बाईचा दावा. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे कंपनीशी करार नाहीच! तरी उत्पादक जबाबदार ठरू शकतो, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. त्या तिघांत मॅकमिलन. निष्काळजीपणाच्या प्रकारांची यादी कधी पुरी होत नाही, म्हणजे नवे प्रकारही त्यात बसू शकतात, असं त्यांनी लिहिलं. कपाशी उगवली नाही म्हणून शेतकरीदादा पाकीट घेऊन येतात, मी लॉट नंबर उतरवते, तेव्हा हे वाक्य मला बळ देतं. निकाल मुळातूनच वाच, गाइडमधून नको.