शांतता कसाऱ्यालाच उतरली

प्रश्न: मी ५२ वर्षांची, डोंबिवलीत राहते. सासूबाई दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. मार्चमध्ये दिरांनी त्यांना आपल्याकडे नेलं, म्हणून मला इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करता आलं. तिथं इतकं शांत वाटलं की रडूच आलं. पण परतताना गाडी कसाऱ्याला येईपर्यंत घरून चार फोन झाले आणि तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंवर ओरडले. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय, मला दहा मिनिटंही मिळत नाहीत. गॅलरीत कपडे वाळत घालताना तेवढं बरं वाटतं, पण ते काही ध्यान नव्हे. मी होते तशीच राहिले का?

उत्तर: ताई, आधी त्या दहा दिवसांचा हिशेब मांडू. पहाटे चारला उठायचं, दिवसाचे दहाएक तास बसायचं, म्हणजे कष्ट होतेच. पण जेवण सेवेला आलेल्या जुन्या साधकांनी रांधलं होतं. फोन जमा होता. आर्य मौन असल्यामुळे ‘अगं, माझा चष्मा कुठंय?’ असं विचारायची कुणाला सोय नव्हती. तुमचं मन निवलं त्यात साधनेचा वाटा आहे, तसा त्या रांधणाऱ्यांचाही आहे. घरी ती माणसं नाहीत, आणि दोष मात्र तुम्ही एकट्या स्वतःला देताय.

शिवाय दिरांनी दहा दिवस आईला सांभाळलं, म्हणजे त्यांना ते जमतं. दर रविवारी सकाळी त्यांनी इथं यावं, असं यजमानांनी सांगावं. तुम्ही नाही, यजमानांनी.

आता ते कपडे. तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथंच थांबले. ‘भाजी चिरणं हेच ध्यान’ असं म्हणणारे बहुतेक भाजी चिरत नाहीत, म्हणून मी तसलं काही सांगणार नाही. पण ओली चादर झटकताना तोंडावर गार शिंतोडे येतात, हात वर गेले की पाठ मोकळी होते आणि गॅलरीत सहसा कुणी मागं येत नाही. मी पूर्वी तांदूळ निवडताना अशीच हरवायचे. आता तांदूळ निवडलेलेच येतात, त्यामुळे माझी पंचाईत झालीय. हिवाळ्यात मटार सोलते, बाकीचे महिने चिडचिडते.

तासाचा नेम तूर्त बाजूला ठेवा. कपड्यांच्या बादलीबरोबर फोन नेऊ नका. आतून हाक आली तर दोन चिमटे लावून होईपर्यंत ‘आले’ म्हणू नका. सासूबाईंची निकड असेल तर अर्थात जा.

ओरडलात, तर संध्याकाळी त्यांचे केस विंचरताना ‘चुकलं’ म्हणा. झोप उडाली किंवा उगाचच रडू येत राहिलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

आणि चिमटे स्टीलचे घ्या. प्लास्टिकचे उन्हात तडकतात, मग चादर खालच्यांच्या गॅलरीत जाते आणि जिना उतरावा लागतो.