निराधारचे पैसे अडले कुठे?

प्रश्न : माझी काकू विधवा आहे, यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात राहते. संजय गांधी निराधारचे पैसे जिल्हा बँकेत यायचे. पोस्टात नवं खातं काढल्यापासून बंद आहेत. तहसीलमध्ये सांगतात, मंजुरी कायम आहे. काय करावं?

उत्तर : पैसे बहुधा पोस्टाच्या खात्यात पडत असतील. महिन्याचे हे १५०० रुपये आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. त्यात अर्जावरचा खाते क्रमांक पाहत नाहीत; आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं, तिथे रक्कम जाते. नवं खातं काढताना संमतीच्या चौकटीत खूण झाली की जोडणी बदलते, आणि खातेदाराला हे कुणी समजावून सांगत नाही.

सेतू केंद्रात ‘माय आधार’ या आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार-खाते जोडणीची स्थिती पाहा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल न्या. पोस्टाचं नाव दिसलं, तर पोस्टमनकडे अंगठा देऊनही पैसे काढता येतात. सीडिंग निष्क्रिय असेल, तर बँकेत त्याचा वेगळा फॉर्म भरून पोच घ्या. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असं नव्हे. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

सीडिंग ठीक असूनही रक्कम नसेल, तर तहसीलच्या निराधार शाखेत यंदाचा हयातीचा दाखला नोंदला का, ते विचारा. कापूस वेचणी संपली की गावात मजुरी मिळत नाही, तेव्हा एकट्या बाईचं किराणा-औषध याच पैशांवर चालतं. म्हणून थकलेले महिने सोडू नका. कोणते महिने आले नाहीत ते लिहून अर्ज द्या, सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडा.