सौरज्वाला करोनात पेटते, मग खालचं वातावरण का उजळतं?

तुमचा प्रश्न असा, की सौरज्वालेत, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्यात, चुंबकीय ऊर्जा वर करोनात, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणात, मोकळी होते, तर चमक खाली क्रोमोस्फिअरमध्ये, म्हणजे वर्णगोलात, का दिसते? कारण करोना तापलेला असला तरी फार विरळ आहे. चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळल्या की तिथून इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने सुटतात आणि रेषांच्या कमानीवरून खाली येतात. वाटेत आदळायला फारसं काही नसतं. जेमतेम दोन हजार किलोमीटर जाडीच्या वर्णगोलात मात्र घनता झपाट्याने वाढते आणि ते तिथेच अडतात. ऊर्जेचा अगदी लहानसा वाटा क्ष-किरणांच्या रूपाने निघतो, म्हणून कमानीच्या दोन्ही पायांशी क्ष-किरणांचे ठिपके दिसतात. बाकीची बहुतेक ऊर्जा वायू तापवते.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. हा वायू काही सेकंदांत कोटी अंशांच्या घरात जातो. एवढी उष्णता प्रकाशातून टाकायला त्याला वेळच मिळत नाही, मग तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वर उसळून कमान भरतो. फोटोंतल्या त्या झगझगीत कमानींतला बराचसा माल असा खालून आलेला असतो!

खरी पंचाईत पांढऱ्या प्रकाशाची आहे, म्हणजे काही ज्वाला साध्या दृश्य प्रकाशातही उजळतात त्याची. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सौरडागांची चित्रं काढताना अशीच ज्वाला पाहिली. पण नेहमीच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन दीप्तिगोलापर्यंत, म्हणजे वर्णगोलाखालच्या सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागापर्यंत, पोचतच नाहीत. मग हा प्रकाश येतो कुठून? एक मत असं, की वर्णगोलातच हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यातून तो निघतो. दुसरं असं, की वर्णगोलातून खाली पडणारं प्रारण दीप्तिगोलाला तापवतं. काहीजण प्रोटॉन किंवा चुंबकीय लहरींकडे बोट दाखवतात. मला वाटतं, एकाहून जास्त कारणं असावीत आणि दर ज्वालेत त्यांचं प्रमाण बदलत असावं.

इथे आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘सूट’ (SUIT) नावाची अतिनील दुर्बीण कामाची आहे. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहते. त्यातला बराच भाग ओझोनमुळे जमिनीवर पोचत नाही. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ वर्गाची (एक्स हा सगळ्यात तीव्र वर्ग) ज्वाला तिने याच पट्ट्यात टिपली. पहिल्या मतातला हायड्रोजनचा तो प्रकाश ३६४.६ नॅनोमीटरच्या आत, म्हणजे त्याहून कमी तरंगलांबीला, एकदम वाढतो. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा खूप जास्त उजळली, तर पहिलं मत बळावतं. दोन्ही बाजू सारख्याच उजळल्या, तर दुसरं. प्रत्यक्षात वर्णरेषांचा, म्हणजे अणूंच्या ठरावीक तरंगलांबींचा, प्रकाश मिसळतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही.