'समज' वाढला की वाढली?

परभणीच्या एका वाचकाने बातमीतले वाक्य पाठवले आहे: 'ऑक्सिटोसिन या प्रेमाच्या संप्रेरकाचा फवारा नाकात मारल्याने स्वमग्न प्रौढांचा सामाजिक समज वाढला.' यातले 'समज वाढला' बरोबर आहे का, असे ते विचारतात.

नाही. आकलन या अर्थी समज स्त्रीलिंगी: पोराला समज आली. पुल्लिंगी समज म्हणजे ग्रह. स्वमग्न माणसांविषयी लोकांचा समज निराळा आणि त्यांची स्वतःची समज निराळी.

मला जास्त खटकते ते 'प्रेमाचे संप्रेरक'. सारखे कानावर येते! ऑक्सिटोसिन मराठवाड्यातल्या गोठ्यांना नवे नाही. इंजेक्शन टोचून म्हशी पिळण्याचा गैरप्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. हे संप्रेरक बाळंतपणात गर्भाशय आकुंचित करते आणि तयार असलेले दूध सडांत उतरवते. ग्रीक नावाचा अर्थ 'जलद प्रसूती'. त्यात प्रेम कुठून आले?

दूध उतरण्याला आपला शब्द आहे, पान्हा. काय शब्द आहे! तो 'पान' म्हणजे पिणे यावरून आला असे ठासून सांगणारे अजून भेटतात. मग त्यातला 'ह' कुठला, याचे उत्तर त्यांनी द्यावे. मूळ संस्कृत 'प्रस्नव', पाझरणे. महाराष्ट्री प्राकृतात 'स्न'चा 'ण्ह' होतो: पण्हव, पुढे पान्हा. स्नानाचे न्हाण झाले ते असेच. 'ष्ण'ही त्याच वाटेने गेला: तृष्णा, तण्हा, तहान. तहान आणि पान्हा एकाच ध्वनिनियमातून आले, हे कळल्यावर मला तरी दुसरे काही सुचत नाही. ही प्राकृत सातवाहनांच्या पैठणात नांदली आणि तिचा शब्द आजही धार काढताना तोंडात येतो. म्हैस पान्हावते, पान्हा चोरते, वगार (तिचे मादी पिल्लू) लावल्याशिवाय सोडत नाही. प्रत्येक वाक्यात कर्ती म्हैस. असा जिवंत शब्द हाताशी आहे, म्हणून ऑक्सिटोसिनला मराठीत 'पान्हावक' म्हणावे, असा माझा आग्रह आहे. परिभाषा घडवणाऱ्यांना तो शब्द गावंढळ वाटेल. पण गोठ्यात समजणार नाही अशी परिभाषा हवी कोणाला?

राहिला फवारा. जपानमध्ये १०६ स्वमग्न प्रौढ पुरुषांवर ६ आठवडे चाचणी झाली. सामाजिक अडचणींच्या मुख्य मोजमापात औषध नसलेल्या फवाऱ्याहून फरक आढळला नाही. अमेरिकेत २९० मुले-किशोरांवर २४ आठवडे चाललेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तेच. तेव्हा नुसते 'वाढली' करून भागणार नाही. 'समज वाढल्याचे दिसले नाही' असे लिहावे.