ग्लास ब्लॉकची लॅबमध्ये नेमकी कोणती चाचणी घेतात? विटेसारखी फक्त दाबाची ताकद बघून चालतं का?

नाही चालत. दाबाची चाचणी होतेच: ब्लॉक काँक्रीटचे क्यूब फोडतात तशाच मशीनमध्ये ठेवून फुटेपर्यंत भार वाढवतात. वरच्या-खालच्या कडा आधी कॅपिंग करून, म्हणजे त्यांवर पातळ थर देऊन, सपाट कराव्या लागतात, नाहीतर भार एका टोकावर येऊन ब्लॉक लवकर फुटतो आणि आकडा उगाच कमी दिसतो. पण या भिंती मुळातच भारवाहक धरत नाहीत, त्यामुळे माझ्या मते या आकड्यालाच नको इतकं महत्त्व दिलं जातं.

खरी मेख तापमानात आहे. काचेचे दोन अर्धे भाग तापवून एकमेकांना जोडलेले असतात. थंड करताना घाई झाली असेल तर जोडाशी ताण अडकून राहतो. तो पोलॅरिस्कोपखाली (काचेतला ताण दाखवणारं, ध्रुवीकृत प्रकाशाचं उपकरण) रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो. शिवाय ब्लॉक गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकून तडा जातो का ते बघतात.

आगीची चाचणी सुट्या ब्लॉकवर नाही, मॉर्टर-सळ्यांसह बांधलेल्या पूर्ण पॅनेलवर घेतात. प्रमाणित भट्टीत 30 मिनिटांत साधारण 842 अंश सेल्सिअस गाठलं जातं. ज्वाळा अडणं वेगळं आणि उष्णता अडणं वेगळं. दुसऱ्यासाठी मागच्या बाजूचं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा 140 अंशांहून जास्त वाढता कामा नये. विक्रेत्याने नुसतं ‘फायर रेटेड’ म्हटलं, तर यातलं कोणतं आणि किती मिनिटांसाठी, हे रिपोर्टवर बघा.